पितळी बटण

विनिपेगमधल्या त्या सहा मजली इमारतीचा केअरटेकर रोमेल सकाळपासून दारावरचा नवा व्हिडिओ इंटरकॉम तपासत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या मिसेस पॉलसननी थेट मालकाकडे तक्रार केली होती आणि त्याची नोकरी टांगणीला लागली होती. शेवटी तो वर त्यांच्या घरी गेला.

"माझा कीथ या ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आला, खाली अर्धा तास बटण दाबत उभा राहिला आणि उपाशी परत गेला! मी इथे टर्की पुन्हा पुन्हा गरम करत बसले होते. चुलीत घाल तुझं ते यंत्र!"

"अहो, मी दहा वेळा वाजवून पाहिलं. दर वेळी तुमच्या पडद्यावर माझं तोंड दिसलं ना?"

"तुझं बरं दिसतं रे, माझ्या लेकाचंच दिसत नाही! त्यापेक्षा हे बरं होतं." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. मे महिन्यात रोमेलने इमारतीच्या दारावरून काढलेली जुन्या घंटीची पितळी पाटी त्यांनी आठवण म्हणून मागून घेतली होती आणि बटणांसकट जेवणाच्या टेबलामागे लावली होती. "चाळीस वर्षांत हिने कधी दगा दिला नाही. आणि मी काही खोटं बोलत नाहीये. हा बघ, त्याच दिवशी कीथने दारातून पाठवलेला फोटो. माझा फोन आतल्या खोलीत होता, म्हणून उशिरा पाहिला."

रोमेलने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.



फोटोत कीथचं बोट ज्या पितळी बटणावर टेकलं होतं, ते गेले पाच महिने त्या भिंतीवर होतं.