ढब्बूचा नंबर

रामनवमीचं कीर्तन सुरू व्हायला अवकाश होता. कोरगावच्या देवळात बुवांची नात संजना टीव्हीवरच्या अंतराळ-मालिकेतल्या कप्तानाच्या साथीदारांना वहीत नंबर देत बसली होती. ढब्बूला तिनं शेवटचा दिला.

"गो बाये, त्याचो पयलो नंबर!" पेटीवाले सगुणकाका म्हणाले.

"त्याचा? तुमच्यासारखाच आहे तो. कप्तान बोलत असला की मध्येच बावळट प्रश्न!"

काका हसले.

बाराला पाच मिनिटं उरली आणि बुवा अडखळले. राजा दशरथाच्या हाती यज्ञातली खीर आली होती. पुढचं काही केल्या आठवेना. पाळणा सजलेला, गुलालाच्या मुठी भरलेल्या आणि बुवा गप्प. "पुढच्या वर्षी दुसरे बुवा बघूया," कुणीतरी पुटपुटलं.

पेटी थांबवून काकांनी भाबडेपणानं विचारलं, "बुवा, कैकयीची खीर म्हणे घारीनं पळवली? राणी काय झोपली होती?"

सभामंडप खदखदला. "अरे वेड्या, ऐक तर!" म्हणत बुवांनी आख्यान उचललं, आणि बाराच्या ठोक्याला रामजन्म झाला.

गुलालाच्या बोटांनी संजनानं ढब्बूचा नंबर खोडला. गेल्या दोन वर्षांतले काकांचे सगळे बावळट प्रश्न तिला एकेक करून आठवू लागले.