बैठकीची मांडामांड

"बाबा, गालिचा उलटा घातलात. फिरवा तो."

"उलटा कसला? फुलं वर आहेत की!"

"फुलं वर आहेत हो, पण लव दाराकडे झुकलीय. आत येणाऱ्याला काळपट दिसेल."

हमराकुलने गुडघे टेकले आणि गालिचा गुंडाळायला घेतला. तीस वर्षं गिरणीत मखमल विणलेला माणूस तो. लव कुठे झुकते हे त्याला लेकीने शिकवायचं, म्हणजे हद्दच झाली. पण आज वाद घालायचा दिवस नव्हता. आज पाच वाजता सोयरिकीच्या बायका यायच्या होत्या.

गुलचेहरा त्याची एकुलती एक. सव्वीस वर्षांची, म्हणजे उझबेकिस्तानातल्या आमच्या मर्गिलानात गल्लीने कुजबुजायला लागावं अशी. दोन स्थळं तिने स्वतःच परत पाठवली होती. या खेपेला मात्र तीच म्हणाली, "सोबिरा मावशी शनिवारी दोघींना घेऊन येतायत. बैठक नीट मांडू या." ते ऐकल्यापासून हमराकुल जेवणावरून अर्धपोटीच उठत होता. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात माणसं दोन. ही गेली की उरला तो एकटा. हे तो कुणापाशी बोलला नव्हता.

बायको गेल्यापासून तो बैठकीतच एका कोपऱ्यात झोपायचा. उशाशी दिवा, रेडिओ, औषधं, पाण्याचा तांब्या. बाकीच्या खोलीत धुळीशिवाय कुणी बसत नव्हतं. गुलचेहराने आज तो कोपराच मोडला. बुटकं मेज मधोमध आणलं, तिन्ही बाजूंनी जाड गाद्या घातल्या, लाकडी पेटीवर रजया रंग बघून रचल्या. भिंतीवर ओल आली होती, तिथे भरतकामाचा पडदा टांगला.

"एवढं कशाला? घर विकायला काढलंयस का?"

"बायका घरावरून माणसं ओळखतात, बाबा. आणि ते झुंबर बंद करा, दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. तुमच्या उशाजवळचा दिवा लावा."

दिव्याने मात्र छळ मांडला. इकडे ठेवला की पाहुण्यांच्या तोंडावर सावली, तिकडे ठेवला की डोळ्यांवर तिरीप. शेवटी हमराकुलने तो खिडकीपाशी ठेवला आणि नाद सोडला. लेकीने त्याचा निळा सदरा इस्त्री करून खुंटीला लावला होता. स्वतः मात्र घरच्याच झग्यात वावरत होती. ते बघून त्याला जरा बरं वाटलं. पोरीला फारशी हौस दिसत नाही.

बायका वेळेवर आल्या. सोयरिकी जुळवणारी सोबिरा दारातूनच ओरडली, "अगबाई! ही बैठक आहे की बाग? हमराकुलभाई, आम्हाला वाटलं तुम्ही गुहेत राहता!" तिच्या मागे तिची जाऊ होती आणि पन्नाशीची, राखाडी रुमाल बांधलेली एक बाई. सोबिराने त्या बाईला दारासमोरच्या मानाच्या गादीवर बसवलं. "या सालोमतबाई." मुलाची आई हीच, हे हमराकुलने ताडलं.

पहिल्या भेटीत सोयरिकीचं नाव काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मग बोलणं झालं ते थंडीचं, खजुराचं आणि गल्लीतल्या फुटलेल्या नळाचं. गुलचेहरा स्वयंपाकघरात होती आणि घरात दुसरी बाई नाही, त्यामुळे चहा हमराकुलनेच ओतला. सालोमतबाई कमी बोलत होती, बघत जास्त होती.

"ही खोली हिवाळ्यात गार पडते का हो?" तिने विचारलं.

"पडते थोडी."

"आणि पडद्यामागे ओल आहे ना?"

बया आहे की पोलीस! हमराकुल मनात चरफडला. मुलगी तुझ्या घरी येणार, तुला माझ्या ओलीचं काय पडलंय?

ती उठली. दिवा उचलून रजयांच्या पेटीमागे ठेवला आणि भिंतीकडे वळवला. उजेड भिंतीवरून खाली उतरला आणि खोलीभर पसरला. "आता बरं दिसतंय," ती म्हणाली.

खरंच बरं दिसत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा वाटलं, इथे माणसं राहतात. तेवढ्यात स्वयंपाकघरातून गुलचेहराचं गुणगुणणं ऐकू आलं. हा आवाज आता या बाईच्या घरी जाणार. मग दिवा कुठे का असेना, त्या उजेडात बसणार कोण? नाही, जीव गेला तरी नाही.

आमच्याकडे पाहुण्याला पेला अर्धाच भरून देतात, म्हणजे पुन्हा भरायला निमित्त राहतं, पाहुणा बसतो. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ एकच, प्या आणि उठा. हमराकुलने किटली उचलली, सालोमतबाईचा पेला काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे सरकवला.

सोबिरा बोलता बोलता थांबली. जावेने तोंडाला रुमालाचं टोक लावलं. सालोमतबाईने पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. एक घोट घेतला, आणि उठली.

"खोली छान मांडलीत, हमराकुलभाई. येते."

गुलचेहरा गरम समोशांची ताटली घेऊन आली, तेव्हा गाद्या रिकाम्या होत्या.

"गेल्या? एवढ्यात?" तिची नजर मेजावरच्या भरलेल्या पेल्यावर गेली. "बाबा! हे काय केलंत?"

"रागावू नकोस, बाळ." त्याला तिच्याकडे बघवेना. "मी स्वार्थी आहे म्हण हवं तर. तू त्या बाईच्या घरी गेलीस तर मी इथे भिंतींशी बोलू का? मला एकट्याने नाही जमायचं."

"मी? त्यांच्या घरी?" ताटली मेजावर ठेवून ती त्याच्यासमोर मटकन बसली. "ताश्कंदच्या शाळेने मला नोकरीला बोलावून दोन महिने झाले, बाबा. सोमवारी हजर व्हायचंय. तुम्हाला असं एकटं टाकून कशी जाऊ, म्हणून मीच मावशीच्या पाया पडले." तिने तो भरलेला पेला बाजूला सारला. "मला बघायला कुणी आलंच नव्हतं. सालोमतबाई तुम्हाला बघायला आल्या होत्या."