एक एप्रिलला घरात कोण होतं

वाइनो कांगासने या वेळी दार लावलं नाही. याआधी तीनदा लावलं होतं. मार्लिस पायरीवरच उभी राहिली. फळीला चिमट्याने अडकवलेला जनगणनेचा कागद, हातात पेन्सिल. मिनेसोटाच्या उत्तरेतल्या त्या खाणपट्ट्यातलं तिचं हे शेवटचं घर होतं, आणि पाचच्या आत कागद कचेरीत पोचवायचा होता.

“घरात माणसं किती, काका?”

“दोन,” म्हातारा म्हणाला. “मी आणि ऐली. माझी बायको.”

तिने दोन्ही नावं लिहिली. जरा हायसं वाटलं. सकाळीच तिचा साहेब लॉइड सगळ्यांना म्हणाला होता, “राज्यात डोकी किती, त्यावर राष्ट्राध्यक्ष निवडताना राज्याच्या वाट्याला मतं किती, ते ठरतं. आपलं एक मत अगदी काठावर आहे. थोडी माणसं कमी भरली की ते दुसऱ्या राज्याकडे जाईल, आणि दहा वर्षं परत यायचं नाही. एकही माणूस सुटता कामा नये.”

“एक एप्रिलला दोघंही इथेच राहत होतात ना?” विचारायचं असतं म्हणून तिने विचारलं.

वाइनो आत गेला. दार उघडंच होतं, तरी आता ते मिटणार असं तिला वाटत राहिलं. तो परत आला तो घडी घातलेला एक कागद घेऊन. दवाखान्याचा होता. ऐली कांगास. मृत्यू एकतीस मार्च, संध्याकाळी पावणेआठ.

“बर्फाने तारा तुटल्या होत्या,” तो म्हणाला. “फोन बंद. निरोप आला तो एक तारखेला सकाळी. मी तिच्यासाठी थर्मासमध्ये कॉफी भरत होतो. मला विचाराल तर एक तारखेला ती होती.”

मार्लिसने मान वर केली नाही. कुणी तपासायला येणार नव्हतं. घडी घालून कागद परत दिला की झालं. आणि न जाणो, नेमकं एकच माणूस कमी पडलं तर?

“खोटंच सांगायचं असतं तर कागद आणला नसता मी,” वाइनो म्हणाला. “तुमचा नियम काय म्हणतो?”

“एक तारीख लागली तेव्हा जे हयात होते, तेच धरायचे.”

तिने पेन्सिल उलटी केली आणि ऐलीचं नाव खोडरबराने घासलं. लवकर जाईना. दोनदा घासावं लागलं.

“मग माझंही खोडा.”

“तुम्ही आहात, काका.”

वाइनो त्या पांढऱ्या पडलेल्या ओळीकडे बघत राहिला.

“चाळीस वर्षं आम्ही एकाच गाडीतून मत द्यायला जायचो,” तो म्हणाला. “ती एका पक्षाला द्यायची, मी दुसऱ्याला. एकमेकांचं मत पुसून घरी यायचो, आणि वाटेत ती हसायची.”

मार्लिसने फळी छातीशी धरली.

“या नोव्हेंबरात,” तो म्हणाला, “माझं पुसायला कुणी नाही.”