मठ कोणी पाडला?

पाटी रंगवणाऱ्याने कागद बायकोपुढे आपटला. “आठशे वर्षांच्या मठाची पाटी, आणि गावसमितीच्या अध्यक्षांनी काय लिहून दिलंय बघ! म्हणे, शत्रूने पाडला! अगं, शत्रू लुटून गेला, भिंती शाबूत होत्या. घरं बांधायला गावानेच दगड पळवले, आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंय. अध्यक्षांच्या जिन्याला मठाच्याच पायऱ्या, आणि थापा मी रंगवायच्या?” धुणं आपटणारी बायको थांबली. “तुमच्या आजोबांनी नुसतं पाहिलं? धुण्याचा दगड उलटा करा. मोरी तुंबली तेव्हा मी खालून बघितलाय.” त्याने पहारीने दगड उलथला. हात जोडलेला कोरीव भिक्षू वर आला. तीन पिढ्यांनी त्याच्या पाठीवर कपडे आपटले होते. रंगाऱ्याने पाटीवर ठसठशीत लिहिलं, ‘हा मठ आम्ही पाडला.’ अध्यक्ष तणतणत आले. “आम्ही म्हणजे कोण रे?” त्याने कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं आणि ब्रश पुढे धरला. “आता तुमचं.”