मेल्या नव्हत्या, पडल्या होत्या

त्या दुपारी माशीताईची पीएचडी संपली. मिळाली नाही, संपली. पण ते राहू द्या, कागदोपत्री असं काही घडलेलंच नाही. फळमाशांवर संशोधन करणारी माशीताई प्रयोगशाळेत उभी होती, तपासणीला आलेले साहेब उभे होते आणि बाटल्यांमध्ये चारशे माशा मजेत उडत होत्या.

"माशांना एसी?" साहेब म्हणाले. "माझ्या सासूला नाही." आणि बंद केला.

"साहेब, पारा तिशीपार गेला की या पडतात. मज्जातंतूच्या टोकाशी निरोपाच्या बारीक पिशव्या असतात. निरोप सांडला की रिकामी पिशवी चिमटा काढून परत आत घ्यावी लागते, पुन्हा भरायला. ते काम एका प्रथिनाचं. यांच्यातलं प्रथिन उकाड्यात हात वर करतं."

"मग तुम्ही काढा चिमटा."

साहेबांनी खुर्च्या मोजल्या, आग विझवायचं नळकांडं हलवून पाहिलं. वर पत्र्याचं छत. एकतीस अंशांवर चारशेच्या चारशे माशा उताण्या झाल्या.

"मेल्या," साहेब म्हणाले.

"पडल्यात, साहेब!" तिने धावत एसी लावला. "गार झालं की दोन मिनिटांत उठतात."

"बाई, सव्वीस वर्षं नोकरी झाली. मेलेलं उठताना मी फक्त आमच्या खात्यात पाहिलंय, चहाच्या वेळी."

साहेबांबरोबर आलेले शिपाईमामा मोठ्याने हसले. त्यांच्या रजेच्या अर्जावर साहेबांची सही बाकी होती.

"तीन वर्षं जपलेला वाण आहे, साहेब. दुसरीकडे कुठेच नाही. हा गेला की माझं सगळं गेलं. दोन मिनिटं द्या."

"एक देतो."

आणि मोजून एक दिलं. साठाव्या सेकंदाला एका माशीने मागचा पाय हलवला. साहेबांनी वाकून पाहिलं.

"वाऱ्याने," ते म्हणाले. "मामा, ओता."

मामांनी एकेक बाटली स्पिरिटच्या डब्यात पालथी केली. शेवटच्या दोन बाटल्यांतल्या माशा तोवर उठून चालायला लागल्या होत्या. त्या आपटून ओताव्या लागल्या.

साहेबांनी तपासणीच्या तक्त्यात लिहिलं, 'मृत. आधीपासून.'

"काही तक्रार असेल तर लेखी द्या," ते प्रेमाने म्हणाले. "माझ्याच नावाने द्या, लवकर पोचेल."

माशीताईने तिथेच कागद ओढला.

'महोदय, सदर माशांना उर्वरित एक मिनिट मागील तारखेपासून मंजूर करण्यात यावे, ही नम्र विनंती.'