वळचणीतला आवाज

"आली!" माई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की सुनेच्या हातातला चहा बशीत सांडला.

गच्चीखालच्या वळचणीपाशी एक पाकोळी घिरट्या घालत होती. काळसर, विळ्याच्या पात्यासारख्या पंखांची, आणि एकटी. गेल्या वर्षीच्या डागडुजीत भिंतीच्या साऱ्या फटी सिमेंटने लिंपल्या गेल्या, तेव्हापासून तिथे नांदणारा थवा परतला नव्हता. माईंनी सुताराला धारेवर धरून घरट्यांसाठी लाकडी पेट्या करून घेतल्या, वळचणीत टांगल्या आणि शेजारी स्पीकर बसवून त्यावर पाकोळ्यांचा ध्वनिमुद्रित किलबिलाट लावला. उद्या रंगारी येणार होते. तोवर एकही पेटी वसली नाही, तर सगळ्या उतरवायच्या, असे इमारतीच्या बैठकीत ठरले होते.

खालच्या मजल्यावरचे वकील अंगणात येऊन वर पाहू लागले. "काय माई, वऱ्हाड आलं म्हणायचं का?"

"एकच जीव आलाय, वकीलसाहेब. तुम्ही जिभेला जरा विसावा दिलात, तर टिकेल."

पाकोळी पेटीच्या दारावरून सपकन गेली, वळली आणि थेट स्पीकरच्या जाळीला नखांनी बिलगली. आतला थवा चिरचिरला. तिने उत्तर दिले.

"अगं, तिथे नाही! वीतभर सरक अलीकडे!" माईंनी दटावले. त्यांच्या ज्या आवाजाने अख्खे घर ताठ उभे राहत असे, त्याची पाखराला काय मातबरी!

"माई, आवाज बंद करून बघू? मग तरी पेटी दिसेल तिला," सून म्हणाली.

"कर."

आवाज थांबला. पाकोळी क्षणभर तशीच राहिली; मग जाळी सोडून आभाळात चढली, ठिपक्याएवढी झाली.

"लाव! लाव लवकर!"

आवाज सुरू होताच ती परतली आणि पुन्हा जाळीलाच चिकटली. पुन्हा बंद केला, पुन्हा गेली. पुन्हा लावला. पेटीकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही.

अंगणातली थट्टा केव्हाच मावळली होती. उजेड ओसरू लागला.

सून बटणावर बोट ठेवून सासूच्या तोंडाकडे पाहत होती. "माई, सांगा ना. बंद करू, की राहू दे?"

माईंनी मान वर केली. वर पाकोळी जाळीच्या तारांत चोच खुपसून आत शिरायची वाट शोधत होती.