निघणाऱ्याचा आवाज

"ताई, ओठ जुळले, पण पोरगा जुळला नाही," काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारा बोयेत म्हणाला. "परत घेऊ."

एस्तेरने कानावरचा हेडफोन सारखा केला. समोरच्या पडद्यावर जपानी कार्टूनमधला काझू होडीच्या टोकाला तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा होता. बारा वर्षांचा पोरगा, आणि गेली कित्येक वर्षं बारा वर्षांचाच. जपानमध्ये त्याला आवाज कोण देतं हे तिला ठाऊक नव्हतं. पण मनिलात आणि केबलची तार पोचेल त्या प्रत्येक बेटावर काझू तागालोग बोलायचा तो एस्तेरच्या घशातून. पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेली ही बाई रोज संध्याकाळी टीव्हीवर पोरगा होऊन किंचाळायची.

महिनाअखेरीला काझूचं ते चॅनेलच बंद होणार होतं. आजचा भाग शेवटचा, आणि त्यातलं उरलं होतं एकच वाक्य. "आई, मी निघालो गं! केवढा मोठा आहे समुद्र, बघ तरी!"

तिने ते परत म्हटलं. मग परत एकदा. मध्ये आल्याच्या गरम पाण्याचा घोट घेतला आणि शेजारी पालथा ठेवलेला फोन उलटून पाहिला. कुणाचाही फोन आलेला नव्हता. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"ते बंद आहे, ताई. कधीचं." बोयेतने खुर्ची पुढे ओढली. वयाने तिच्या निम्मा असेल, पण चुका मात्र आजोबांसारख्या काढायचा. "वाईट वाटून घेऊ नकोस. पण निघणारा माणूस असा नाही बोलत. मागे राहणारा बोलतो असा."

एस्तेरला ते झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं.

सकाळी तिचा मुलगा जेरिक नवे बूट घालून, बॅग खांद्याला लावून स्वयंपाकघराच्या दारात आला होता. नागोयाला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी, दुपारचं विमान. तो तिच्यासमोर वाकला आणि त्याने आशीर्वादासाठी तिचा हात मागितला. घराबाहेर पडताना आईच्या हाताची मागची बाजू कपाळाला लावल्याशिवाय तो कधी कोपऱ्यावरच्या दुकानातही गेला नव्हता. "साबणाचे आहेत हात," ती म्हणाली आणि घासून लख्ख झालेलं पातेलं पुन्हा घासायला लागली. तो वाकलेलाच राहिला. नळ वाहत होता.

"आई, हे माझ्या डोक्यात भरवलं कुणी?" शेवटी तो म्हणाला. "रोज टीव्हीतून तूच ओरडायचीस ना, समुद्रापलीकडे चला म्हणून?"

"ते लिहून दिलेलं असतं. मी नुसतं वाचते."

"मला काय माहीत? मला तू सांगत होतीस असंच वाटायचं." एवढं बोलून तो गेला. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही, आणि तेव्हापासून तिचे हात कुठे म्हणून स्वस्थ राहत नव्हते.

"विमानतळावर जायचं असेल तर जा," बोयेत आता जरा नरमाईने म्हणाला. "मी बघतो काहीतरी."

"या गर्दीत? मी पोचेपर्यंत तो तिकडे जेवून झोपलेला असेल." तिने कागद खाली ठेवला. "घे. चालू कर."

तिने डोळे मिटले. तिला लहानपणीचा जेरिक आठवला, टीव्हीला नाक लावून बसलेला. मागे चुलीशी ती उभी असायची, हाका मारायची, आणि पोरगं काही मागे बघायचं नाही. त्याला आई हवी नसायची, काझू हवा असायचा. स्वतःच्याच आवाजाचा तेव्हा तिला हेवा वाटायचा. आणि आज सकाळी? बूट घालताना तो शीळ घालत होता. महिनाभर तिला राग होता तो त्याच्या याच खुशीचा. रडत निघाला असता तर तिने शंभर वेळा हात पुढे केला असता. तो खूश होता. आत्ता रांगेत उभा असेल, आणि त्या नव्या बुटांत त्याचे पाय ठरत नसतील.

पडद्यावरची होडी हलली. एस्तेरने टाचा उचलल्या, जागच्या जागी एक उडी मारली आणि ओरडली, "आई, मी निघालो गं! केवढा मोठा आहे समुद्र, बघ तरी!"

 काचेपलीकडे बोयेतने मान डोलावली आणि रेकॉर्डिंगचा दिवा विझवला.

तिने व्हिडिओ कॉल लावला. लागेल की नाही याची धाकधूक होती. फोनच्या पडद्यावर जेरिकचा चेहरा आला, मागे माणसांची रांग. "आई? आत सोडतायत आम्हाला. फोन बंद करायचाय. पटकन बोल."

पटकन काय बोलणार? जन्मभर ती दुसऱ्यांनी लिहून दिलेलंच बोलत आली होती. तिने हात उचलला आणि हाताची मागची बाजू फोनसमोर धरली.

"काय दाखवतेस? भाजलं का?"

ती हात तसाच धरून राहिली.

जेरिकने मान वाकवली. मग त्याचं कपाळ जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि पडदा काळा झाला.

"काय झालं, ताई? लाइन गेली?" बोयेतने दारातून विचारलं.

"गप रे," एस्तेर हळूच म्हणाली. त्या काळोखाच्या वरच्या कडेला जेरिकचे कालच कापलेले केस दिसत होते.